भरपगारी रजा आणि युरोपचे किनारे

जुलै-ऑगस्ट महिना आला की युरोपात माणसांचा एक लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकू लागतो. इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, स्वीडन इकडची कुटुंबे बॅगा भरतात आणि उन्हाच्या शोधात समुद्राकडे निघतात. आपल्याला ऊन म्हणजे नकोसा पाहुणा. तिकडे वर्षातले कितीतरी महिने ढग, धुके आणि थंडी, त्यामुळे ऊन ही पैसे मोजून घ्यायची वस्तू होऊन बसली आहे. २०२४ साली एकट्या फ्रान्समध्ये सुमारे दहा कोटी परदेशी पाहुणे उतरले. त्याच वर्षी स्पेनमध्ये सुमारे नऊ कोटी चाळीस लाख. स्पेनची स्वतःची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे. म्हणजे घरात चार माणसे आणि वर्षभरात पाहुणे सात-आठ!

पण हा लोंढा पूर्वीपासून ह्याच वाटेने वाहत होता असे नाही. शंभर वर्षांपूर्वी स्पेनच्या किनाऱ्यावर कोळी जाळी वाळवत असत, पाहुण्यांचा तिथे पत्ता नव्हता. साठ वर्षांपूर्वी आल्बेनिया नावाचा देश परक्यांना दारातही उभा करत नव्हता. तिथे आज वर्षाला कोटीहून अधिक परदेशी माणसे येतात. डोंगर तेच, समुद्र तोच, मग माणसांची वाट का बदलते? पर्यटनाची गुळगुळीत चोपडी चाळली तर ह्याचे उत्तर मिळत नाही. आमच्या मते ते कामगाराच्या हजेरीपुस्तकात आणि पगाराच्या पाकिटात शोधले पाहिजे. वाचक बंधू-भगिनींनो, तोच धागा धरून आम्ही ही हकिकत सांगणार आहोत.

गोऱ्यांची सावली आणि गोऱ्यांचे ऊन

आरंभी प्रवास ही श्रीमंतांची मिरास होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे जमीनदार, उमराव, गिरणीमालक फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरी जात असत. राणी व्हिक्टोरियाही आयुष्याच्या उत्तरार्धात तिकडे मुक्कामाला जाई. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्याला आजही 'इंग्रजांचा रस्ता' असेच नाव आहे. मात्र हे लोक जात ते हिवाळ्यात. उन्हाळा लागला की हॉटेले कुलूपबंद होत. कारण काय? तर कातडी रापू नये! त्या काळी युरोपात रापलेली कातडी ही शेतमजुराची, उन्हात राबणाऱ्या गड्याची खूण होती. खानदानी बाई छत्री आणि हातमोज्यांखेरीज बाहेर पडत नसे.

पुढे मजूर शेतातून कारखान्यात गेला, खाणीत उतरला. त्याला सूर्याचे दर्शन दुर्मिळ झाले आणि त्याची कातडी फिकट पडली. मग १९२० नंतरच्या दशकात श्रीमंतांनी पारडे फिरवले. आता रापलेली कातडी म्हणजे 'आमच्यापाशी उन्हात लोळायला वेळ आहे' ह्याची जाहिरात ठरली. नीसच्या परिसरातील हॉटेले उन्हाळ्यातही उघडी राहू लागली. कातडीच्या रंगाचा मान-अपमान निसर्गाने ठरवलेला नसतो, तो ज्याच्या हाती पैसा तो ठरवतो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

साध्या माणसाला प्रवासाची वाट दाखवली ती एका सुताराने. थॉमस कुक हा इंग्लंडमधला लाकूडकाम करणारा कारागीर, दारूबंदी चळवळीचा कट्टर कार्यकर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरो गावी दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे लोकांना खास आगगाडीने नेले. जाण्यायेण्याचे भाडे माणशी एक शिलिंग. सुट्टीच्या दिवशी गुत्त्यात जाणारा माणूस गाडीत बसला तर दारूपासून वाचेल, असा त्याचा हिशेब होता. ह्याच कुकने १८५५ साली लोकांना पॅरिसचे प्रदर्शन दाखवायला नेले आणि १८६३ साली स्वित्झर्लंडला. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पसरली आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. तेव्हा तिच्या तिकिटावर परदेशी गेलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले.

गिरण्या बंद, गाव रिकामे

मुंबईच्या गिरणगावात ज्यांची हयात गेली त्यांना लँकेशायर हे नाव ठाऊक असेल. कापडाच्या धंद्यातला मुंबईचा मोठा प्रतिस्पर्धी तो हाच. तिथल्या गिरण्यांचा एक रिवाज होता. उन्हाळ्यात प्रत्येक गावाचा एक आठवडा ठरलेला असे. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या बंद, धुराडी थंड. ह्या आठवड्यात आख्खे गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. एका गावाचा आठवडा संपला की दुसऱ्याचा सुरू.

पण त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. मग खर्च कसा चाले? कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका मंडळात भरत आणि सुट्टीच्या तोंडावर एकदम उचलत. आपल्याकडची भिशीच म्हणा ना! त्या भिशीच्या बळावर ब्लॅकपूलला १८९४ साली पाचशे फुटांहून उंच मनोरा उभा राहिला, गल्लोगल्ली खानावळी निघाल्या, विधवा आणि प्रौढ बायकांनी घरातल्या खोल्या भाड्याने देऊन संसार चालवले.

खरी क्रांती झाली ती १९३६ साली फ्रान्समध्ये. त्या वर्षी मे-जूनमध्ये कामगारांनी कारखाने बंद पाडले. नुसते बंद पाडले नाहीत, आत ठाण मांडून बसले. नुकतेच निवडून आलेले लेओं ब्लूम यांचे आघाडी सरकार आणि मालक यांना वाटाघाटी कराव्या लागल्या. त्यातून २० जून १९३६ चा कायदा आला: प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा. त्याच सरकारातील लेओ लाग्रांज ह्या तरुण मंत्र्याने रजेवर निघालेल्या कामगाराला रेल्वे तिकिटात शेकडा चाळीस सूट मिळवून दिली. त्या पहिल्याच उन्हाळ्यात लाखो लोकांनी ते तिकीट काढले. त्यांत कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांनी नाके मुरडली, वर्तमानपत्रांतून कामगारांची टवाळी झाली. आमच्या वाळूत हे कुठून आले, असा तो सूर. तो सूर आपल्याही ओळखीचा आहे.

इंग्लंडने १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा केला. जर्मनीत हिटलरने मोडून टाकलेल्या कामगार संघटनांच्या जागी सरकारी सहलींचे खाते उभे केले. बाल्टिक समुद्रकाठी प्रोरा येथे वीस हजार माणसांना एकाच वेळी ठेवता येईल अशी मैलोनमैल इमारत बांधायला घेतली. युद्ध सुरू झाले आणि ती तशीच राहिली. ज्यूंना अर्थातच त्या सहलींत जागा नव्हती. रजा ही कामगाराने लढून घेतली तर हक्क होतो आणि हुकूमशहाने दिली तर लगाम होतो, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बेनिडॉर्मचा नगराध्यक्ष

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातल्या कामगाराच्या हाती रजा होती, हळूहळू पैसाही आला. युद्धात वापरलेली विमाने स्वस्तात मिळत होती. १९५० साली व्लादिमीर राइट्झ नावाच्या लंडनवासी तरुणाने अशा विमानाने थोडे प्रवासी फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर नेले. साडेबत्तीस पौंडांत विमान, तंबूत राहणे आणि जेवण सगळे आले. युद्धामुळे इंग्लंडात अजून शिधावाटप चालू होते, त्यामुळे दोन वेळा मटण मिळणार हे त्याच्या जाहिरातीतले मोठे आमिष होते! एकदाच पैसे भरा आणि निश्चिंत व्हा, ह्या पद्धतीच्या विमान सहलीची सुरुवात इथे झाली असे मानतात.

ह्या सहलीला जागा हवी होती ती स्वस्त, उन्हाची आणि विमानाने दोन-तीन तासांवरची. ती निघाली स्पेनमध्ये.

स्पेन तेव्हा दरिद्री होता. १९३६ ते ३९ च्या यादवीत होरपळलेला आणि जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीखाली दबलेला. बेनिडॉर्म हे तिथले कोळ्यांचे गाव, १९५० साली वस्ती तीन हजारांच्या आत. तिथला नगराध्यक्ष पेद्रो सारागोसा हा हिकमती गडी. मासेमारीवर गाव जगणार नाही हे त्याने ओळखले. गावाचा आराखडा तयार केला, रुंद रस्ते आखले, उंच इमारतींना परवानगी दिली. परदेशी बायका समुद्रात पोहताना दोन तुकड्यांचा तोकडा पोशाख घालत. कर्मठ कॅथलिक स्पेनमध्ये त्याला बंदी होती, पोलीस दंड करत. ह्या नगराध्यक्षाने आपल्या गावात ती बंदी उठवली. धर्मगुरू खवळले, त्याला धर्मबहिष्कृत करण्याची भाषा झाली. तेव्हा हा गृहस्थ स्कूटरवर बसून शेकडो किलोमीटर दूरच्या माद्रिदला गेला आणि थेट फ्रँकोला भेटला, अशी हकिकत सांगतात. हुकूमशहाने धर्म आणि परकी चलन तराजूत घातले. परकी चलन जड भरले.

१९५९ साली स्पेनने आपल्या पेसेता चलनाची किंमत उतरवली. एका डॉलरला पूर्वी बेचाळीस पेसेता मिळत, आता साठ मिळू लागले. इंग्रज-जर्मन कामगाराला स्पेन एका रात्रीत स्वस्त झाला. १९६० साली स्पेनला सुमारे साठ लाख परदेशी आले होते. १९७३ साली तो आकडा साडेतीन कोटींच्या जवळ पोहोचला. ब्लॅकपूलच्या खानावळी मात्र ओस पडू लागल्या. लँकेशायरच्या गिरण्याच बंद पडत होत्या, आणि ज्याच्याकडे पैसा उरला तो विमानात बसला.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ती जाहिरातीत छापत नाहीत. ज्या वर्षांत जर्मन कामगार सुट्टीसाठी स्पेनच्या वाळूत उतरत होता, त्याच वर्षांत स्पेनचा शेतमजूर जर्मनीच्या कारखान्याकडे निघाला होता. १९६० साली दोन्ही सरकारांनी मजूर नेण्याआणण्याचा करारच केला. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड मिळून दहा लाखांहून अधिक स्पॅनिश माणसे त्या दशकाच्या आसपास पोटासाठी घर सोडून गेली. एका गाडीत पंधरा दिवसांच्या सुट्टीचे सामान, दुसऱ्या गाडीत पुठ्ठ्याची पेटी आणि घरचे खाणे. दोन्हींच्या खिडकीतून दिसणारा युरोप एकच होता काय?

सीमा, बंदुका आणि एक सहल

पैशाइतकीच माणसांची वाट बदलते ती सरहद्दीने आणि युद्धाने. पूर्व जर्मनीच्या नागरिकांना पश्चिमेकडे जायला बंदी होती, पण कम्युनिस्ट हंगेरीला जाता येई. हंगेरीत बालाटोन नावाचे मोठे सरोवर आहे. भिंतीने तोडलेली जर्मन कुटुंबे उन्हाळ्यात त्या सरोवरावर भेटत. अर्धे पूर्वेकडून, अर्धे पश्चिमेकडून. काका-पुतणे, भाऊ-बहीण पाण्याच्या काठी आठ-पंधरा दिवस एकत्र राहून आपापल्या दिशेला जात. १९८९ च्या उन्हाळ्यात असे सुट्टीवर आलेले हजारो पूर्व जर्मन परतलेच नाहीत. १९ ऑगस्ट १९८९ रोजी हंगेरी-ऑस्ट्रिया सरहद्दीवर सोप्रोन गावाजवळ एक वनभोजन ठरले होते. त्यासाठी सरहद्दीचे फाटक थोडा वेळ उघडले आणि सहाशेच्या वर पूर्व जर्मन त्यातून पलीकडे निसटले. तीन महिन्यांच्या आत बर्लिनची भिंत पडली. पर्यटकांनी भिंतीला पहिले भगदाड पाडले असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि भिंत पडल्यावर बालाटोनचा जर्मन हंगाम ओसरला. भेटायला आता सरोवर लागत नव्हते.

युगोस्लाव्हियाचे नशीब उलटे फिरले. मार्शल टिटोच्या ह्या देशाने कम्युनिस्ट असूनही १९६० नंतर पश्चिमेच्या प्रवाशांना दार उघडले होते. ॲड्रिॲटिक समुद्राचा किनारा, हजारभर बेटे, दगडी तटबंदीची जुनी शहरे. लोक मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. १९९१ साली देश फुटला. १ ऑक्टोबर १९९१ रोजी दुब्रोवनिक शहराला वेढा पडला, ६ डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा भडिमार झाला. ज्या हॉटेलांत जर्मन कुटुंबे उतरत, तिथे आता निर्वासितांचे संसार मांडले गेले. प्रवाशांनी पाठ फिरवली आणि ते स्पेन, तुर्कस्तान, ग्रीसकडे वळले.

त्याच दुब्रोवनिकला आज पाहुणे आवरेनासे झाले आहेत. क्रोएशिया स्वतंत्र झाला, १ जानेवारी २०२३ पासून युरो चलन आले आणि शेजारच्या काही देशांशी सरहद्दीवरची नेहमीची तपासणीही गेली. २०२४ साली दोन कोटींहून अधिक प्रवासी आले. देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत! 'गेम ऑफ थ्रोन्स' ह्या इंग्रजी मालिकेचे चित्रीकरण दुब्रोवनिकच्या तटबंदीवर झाले, तेव्हापासून मालिकावेड्यांची त्यात भर पडली. २०१९ पासून शहराने प्रवासी जहाजांवर मर्यादा घातली, एका वेळी दोनच जहाजे. एकेका जहाजातून हजारो माणसे उतरत आणि दुपारी परत जहाजावर जेवायला जात. गावाला कचरा आणि गर्दी, धंदा जहाजाच्या कंपनीला.

आल्बेनियाची कथा तर नवलाचीच. एनव्हर होजाच्या राजवटीत ह्या देशाने जगाशी फारकत घेतली होती. शत्रू येईल ह्या भीतीने शेतात, डोंगरात, किनाऱ्यावर दीड लाखांहून अधिक काँक्रीटचे घुमटाकार खंदक बांधले. शत्रू आला नाही. ते खंदक आज पर्यटक पाहतात, काहींत संग्रहालये आहेत. २०२४ साली तिथे एक कोटी सतरा लाखांच्या घरात परदेशी माणसे आली, देशाची वस्ती मात्र चोवीस लाखांच्या आसपास. त्यांत शेजारच्या कोसोवोतून आणि परदेशी स्थायिक झालेल्या आल्बेनियन कुटुंबांतून येणारेही पुष्कळ असतात, हे ध्यानात घेऊन तो आकडा वाचावा. तरी किनाऱ्याची स्वस्ताई हे मोठे कारण आहेच. ग्रीस, इटली महाग झाले की त्याच समुद्राच्या पलीकडल्या काठावर माणूस नजर टाकतो.

आइसलंडचे तसेच. २००८ साली तिथल्या बँका बुडाल्या, चलन कोसळले, देश परक्यांना स्वस्त झाला. २०१० साली तिथला ज्वालामुखी उसळला, राखेने युरोपभरची विमाने कित्येक दिवस जमिनीवर बसवली आणि ज्याला कुणी ओळखत नव्हते त्या बेटाचे नाव जगभर झाले. त्या वर्षी पाच लाखांच्या आत असलेले पाहुणे २०१८ साली तेवीस लाखांवर गेले. संकटानेही जाहिरात होते ती अशी.

ह्यात १९९७ चा एक बदल विसरता येत नाही. त्या वर्षापासून युरोपीय संघातली कोणतीही विमान कंपनी संघातल्या कोणत्याही दोन शहरांमध्ये विमान उडवू शकते. स्वस्त विमान कंपन्यांनी प्राग, क्राकोव, रिगा अशी शहरे इंग्लंडच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आणली. पंधरा दिवसांची सुट्टी फुटून तीन-तीन दिवसांच्या चार सुट्ट्या झाल्या.

आणि आता उन्हाचाच काटा उलटा फिरू पाहतो आहे. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला, एकोणीस हजारांच्या आसपास माणसे हलवावी लागली. अथेन्सचा प्राचीन ॲक्रोपोलिस त्या उन्हाळ्यात भर दुपारी बंद ठेवावा लागला. तेव्हापासून नॉर्वे, स्वीडन, फिनलंड हे देश 'थंडाव्याची सुट्टी' म्हणून स्वतःची जाहिरात करू लागले आहेत. लोंढा अजून दक्षिणेलाच जातो. पण जून आणि सप्टेंबरची पसंती वाढते आहे, हे हॉटेलवाल्यांच्याही लक्षात आले आहे.

आपल्याकडची वाट

भारतीयांच्या मनातले युरोप बरीच वर्षे स्वित्झर्लंडपुरते होते, ते हिंदी सिनेमामुळे. बर्फात साडी नेसून नाचणारी नायिका पाहून दोन पिढ्या वाढल्या. स्विस लोकांनी ते उपकार लक्षात ठेवले आणि इंटरलाकन गावात २०१६ साली दिग्दर्शक यश चोप्रा यांचा पुतळा बसवला. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि भारतीयांची पावले स्पेनकडेही वळली. आता मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या मराठी जेवणासकट युरोप दाखवतात. आपल्या वस्त्यांतूनही मुलगा-मुलगी परदेशी नोकरीला आहे म्हणून आई-वडील विमानात बसल्याची उदाहरणे होऊ लागली आहेत. त्यांना एवढेच सांगणे की युरोपातील बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ माणसाला नव्वद युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. म्हणून कागदपत्रे नीट जुळवूनच अर्ज भरावा.

चादर बदलणारे हात

पाहुणा आला म्हणजे गाव सुखी झाले, असे सरकारे सांगतात. २० एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांवर हजारो माणसे रस्त्यावर उतरली ती काय सांगत होती? आमच्या बेटावर आम्हालाच घर मिळत नाही, हेच. शिक्षक, नर्स, वेटर, ज्यांच्या जिवावर बेट चालते ते गाडीत झोपतात अशा तक्रारी तिथे झाल्या. जुलैमध्ये बार्सिलोना शहरात मोर्चेकऱ्यांनी हॉटेलबाहेर बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. पाहुण्यावर पाणी उडवणे आम्हाला रुचत नाही. तो बिचारा वर्षभर राबून आलेला असतो. पण राग कशाचा आहे ते समजून घेतले पाहिजे.

एक साधा हिशेब मांडू. घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूकडून जेवढे मिळते, तेवढे प्रवाशाकडून आठ-दहा रात्रींत मिळत असेल तर तो काय करील? भाडेकरूला काढील. मोबाईलवरून खोली देण्याची सोय झाल्यापासून हे सोपे झाले. बार्सिलोनाच्या नगराध्यक्षांनी जून २०२४ मध्ये सांगितले की शहरातले घरभाडे दहा वर्षांत शेकडा अडुसष्टने वाढले आहे. प्रवाशांना भाड्याने देण्याचे दहा हजारांहून अधिक घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे आणि ती घरे रहिवाशांसाठी मोकळी करायची, असा निर्णय त्यांनी जाहीर केला. इटलीच्या व्हेनिसमध्ये तर जुन्या शहराची वस्ती पन्नास हजारांच्या खाली आली आहे. २०२४ पासून तिथे गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरता येणाऱ्याला पाच युरोंचे तिकीट लावले. राहत्या शहराला दारात तिकीट!

ज्या बायका हॉटेलच्या खोल्या झाडतात त्यांची गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मुंबईच्या हॉटेलांत हेच काम करणाऱ्या भगिनींनी ती जरूर वाचावी. स्पेनमध्ये ह्या बायकांनी 'लास केलीज' नावाची संघटना काढली. 'साफसफाई करणाऱ्या बायका' ह्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचे ते खेळकर रूप आहे. हॉटेलांनी सफाई कंत्राटदाराकडे दिली, मजुरी खाली आली, खोल्यांची संख्या मात्र वाढली. दिवसाला वीस-पंचवीस खोल्या. जड गाद्या उचलायच्या, चादरी ओढायच्या, वाकून न्हाणीघर घासायचे. मनगटे, खांदे, कंबर कामातून जातात. संध्याकाळी वेदनाशामक गोळी घेतल्याशिवाय झोप नाही, असे त्या सांगत. त्यांनी आरडाओरडा केला, मोर्चे काढले, युरोपीय संसदेपर्यंत गेल्या. २०१८ साली स्पेन सरकारने त्यांच्या हाता-मनगटांच्या काही विकारांना कामातून होणारा आजार म्हणून मान्यता दिली. २०२२ साली स्पेनच्या बालेआरिक बेटांनी, म्हणजे जिथे मायोर्का आहे तिथे, कायदा केला की हॉटेलांतल्या पलंगांना वर-खाली करण्याची सोय असलीच पाहिजे, म्हणजे चादर घालताना बाईला वाकावे लागणार नाही. पर्यटनावर आम्ही पुष्कळ वाचले, पण पलंगाच्या उंचीचा कायदा हा आम्हाला त्यातला सर्वांत चांगला शोध वाटला.

क्रोएशियात आता निराळाच प्रकार आहे. युरोपीय संघात आल्यावर तिथली तरुण मुले जर्मनी आणि आयर्लंडला कामाला निघून गेली. हॉटेलांना माणसे मिळेनात. २०२१ पासून सरकारने परदेशी मजुरांच्या संख्येवरील वार्षिक मर्यादा काढून टाकली. तेव्हापासून ॲड्रिॲटिकच्या किनाऱ्यावर नेपाळ, फिलिपाइन्स आणि भारतातूनही माणसे येऊ लागली आहेत. कुणी भांडी घासतो, कुणी बांधकामावर आहे, कुणी सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतो. येण्यासाठी दलालाला पैसे मोजलेले, एका खोलीत अनेक जण, आणि पासपोर्टावरचा शिक्का एका मालकाच्या नावाचा. साठ वर्षांपूर्वी स्पेनचा मजूर पुठ्ठ्याची पेटी घेऊन जर्मनीला गेला होता. आता काठमांडूहून आणि पंजाबातून निघालेला तरुण दुब्रोवनिकला उतरतो, आणि ऑक्टोबरमध्ये हंगाम संपून हॉटेले बंद होऊ लागली की पुढच्या कामाचा शोध सुरू करतो.